ओढणारं स्टिअरिंग

आमच्या ह्यांचं नाव रोहिदास. पण चिखलीत येऊन रोहिदास कुठं राहतात असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. ‘ड्रायव्हर’ म्हणा, लगेच दारात आणून सोडतील. आता ड्रायव्हर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं ट्रक येईल, ढाबा येईल, रात्रीचा हायवे येईल. तसलं काही नाही हो. हे चाकणला गाड्यांच्या एका कंपनीत यार्डात आहेत. लाइनवरून नवी कोरी गाडी बाहेर पडली की तिच्यात बसायचं, पटांगणाच्या टोकाला न्यायची, रांगेत उभी करायची, आरसे मिटायचे आणि चालत परत यायचं. मग पुढची गाडी. आमचं लग्न व्हायच्या आधीपासून हेच चाललंय.

घरी आले की अंगाला नव्या गाडीचा वास येतो. आळीतल्या बाकीच्या नवऱ्यांना ग्रीसचा येतो, कूलंटचा येतो, माझ्या नवऱ्याला सीटवरच्या कोऱ्या प्लॅस्टिकचा. नवी नवरी होते तेव्हा मला त्या वासाचं फार कौतुक. जेवताना ते सांगायचे, आज एक लाल आली होती, आज एक निळी आली, अशी निळी की हात लावला तर बोटाला रंग लागंल. ती कुठं जाईल गं, केरळात का काश्मिरात? गाडी रांगेत लागली की तिच्या बॉनेटवर दोन थापा मारून ‘जा बाई सुखरूप’ असं म्हणायची त्यांना खोड आहे. कुणी ऐकलं तर खिल्ली उडवतील म्हणून हळूच म्हणतात. मला तेवढं सांगितलंय.

स्वप्नाळू माणूस. मी तशी नाही. मी पुण्यातली, तोंडाची फटकळ, सकाळभर पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटते. मला स्वप्नं बघायला सवड कुठली?

एक मात्र होतं. ह्या माणसानं आम्हाला गाडीतून कधी कुठं नेलं नाही. जेजुरीला जायचं निघो, कुणाचं लग्न असो, चुलत्यांची गाडी दारात उभी असो, हे आपले म्हणायचे, “दिवसभर गाड्याच चालवतो गं. सुट्टीला तरी स्टिअरिंग नको हातात.” आणि ते सगळ्यांना पटायचं. मलाही पटायचं. मी स्वतः घरी आल्यावर लाटणं हातात घ्यायला कंटाळते, मग त्यांना काय बोलू?

आमची एकुलती पूनम माणगावला दिली. जावई रविराज, माणूस गुणी आहे. तिला दिवस गेले आणि पाचवा लागला तसा एके दिवशी फोन आला. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी करतात, आणि लेकीला न्यायला माहेरचं कुणीतरी जातं, त्याला मुराळी म्हणतात. भाऊ असला तर भाऊ जातो. पूनमला भाऊ नाही. तर ही फोनवर म्हणते, “मम्मी, सातव्यात मला न्यायला पप्पांनी यायचं. गाडी त्यांनीच चालवायची. भाड्याची नको, दुसऱ्या कुणाचा हात नको. मी इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय, ताम्हिणी घाट म्हणजे माझ्या पप्पांच्या डाव्या हातचा मळ आहे.”

फोन स्पीकरवर होता. हे म्हणाले, “येतो की.” एवढंच. मग ताटातली अर्धी भाकरी तशीच ठेवून हात धुवायला उठले. मला वाटलं, आजोबा होणार म्हणून आनंदानंच पोट भरलं असेल.

त्याच आठवड्यात धनेश आला. धनेश म्हणजे ह्यांचा चुलतभाऊ, हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत, राहायला रावेतला. त्याच्या घरी दुसरं बाळ झालेलं, खोलीत पाळणा टांगायचा होता, त्यामुळं त्याचं खेळाचं सामान बाहेर काढायचा बायकोचा हुकूम सुटला होता. एक लोखंडी सांगाडा, त्यावर गाडीसारखी सीट, खाली क्लच-ब्रेक-अॅक्सिलरेटर, बाजूला गेअरचा दांडा आणि पुढं खरंखुरं स्टिअरिंग. टीव्हीला जोडायचं आणि शर्यती खेळायच्या.

“वहिनी, तात्पुरतं ठेवतो हं. दादाला बी करमणूक.”

“अरे हे घर आहे का गोडाऊन?” मी म्हटलं. पण तोवर त्यानं वायरी जोडल्या होत्या.

बटण दाबलं मात्र, ते स्टिअरिंग आपलं आपणच गरकन डावीकडं फिरलं, मग तसंच उजवीकडं, मग मधोमध येऊन थांबलं. कुणी हात लावलेला नाही बरं का. आमच्या सासूबाई गोजाबाई तिथंच तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचं सूप हातातच राहिलं.

“आगं बया! ह्याच्या अंगात आलं की!”

धनेश हसून हसून बेजार. म्हणाला, “काकू, आत मोटर हाय. चालू करताना ते आपलं आपण माप घेतंय. खेळात रस्ता जसा असंल तसा हाताला जोर लागतो. वळणावर जड होतं, खड्डा आला की हिसका बसतो.”

“खऱ्या रस्त्याव खड्डे कमी हायेत व्हय, म्हणून घरात आनलास?” सासूबाई म्हणाल्या. तरी उठून त्यांनी स्टिअरिंगला हळदीकुंकू वाहिलंच. नवं वाहन दारात आलंय म्हटल्यावर त्यांना राहवेना.

ह्यांची तेव्हा पहिली शिफ्ट होती. दुपारी घरी यायचे, चहा घ्यायचे आणि पडदा ओढून त्या सीटवर बसायचे. खोलीत सगळा टीव्हीचा हिरवा-निळा उजेड. कुठल्या देशातला कोण जाणे, पण डोंगरातला एक रस्ता होता, दोन्हीकडं उंच झाडं, खाली तळं. मोटर मधाच्या पोळ्यासारखी हळू गुणगुणायची. मी स्वयंपाकघरातून बघायचे तर हे थोडं अंतर जायचे, मग गाडी बाजूला घेऊन अगदी व्यवस्थित रांगेत उभी करायचे, आणि दुसरी गाडी निवडायचे. पुन्हा थोडं अंतर, पुन्हा उभी. तिसरी. चौथी. शर्यत राहिली बाजूला, ह्यांचं आपलं पार्किंग चाललेलं.

मी विचारलं, “अहो, हे काय चाललंय?”

“ही ओढती गं डावीकडं. अलाइनमेंट गेलीय.”

तर कंपनीत असं असतं. यार्डात नेताना एखाद्या गाडीचं स्टिअरिंग एका अंगाला ओढतंय असं वाटलं, की ड्रायव्हरनं तिच्या काचेवर लाल पट्टी चिकटवायची आणि गाडी परत पाठवायची. ह्यांच्या हाताला तीच सवय. त्यामुळं टीव्हीतल्या गाड्याही हे एकेक करून परत पाठवत होते! लाल पाठवली, पिवळी पाठवली, ती चपटी बेडकासारखी शर्यतीची होती तीही पाठवली. शेवटी सगळ्या संपल्या. तसा त्यांनी धनेशला फोन लावला. आणि चेष्टेनं नाही हो, अगदी गंभीर आवाजात.

“धनेश, ह्या खेळवाल्यांकडं क्वालिटीला कुणी हाय का न्हाई? सगळा लॉटच खराब हाय.”

पलीकडून धनेशचं हसू मला चुलीपर्यंत ऐकू आलं. मग तो म्हणाला, “दादा, गाडी न्हाई ओढत. रस्ता ओढतोय. रस्ता कधी सपाट नसतो, पाणी जायला कडेला उतार ठेवलेला असतो. तो हाताला कळतोय तुझ्या. यार्डात तुमचं सगळं सपाट काँक्रीट, तितं कसं कळंल?”

ह्यांनी फोन ठेवला आणि त्या स्टिअरिंगवर नुसता तळवा फिरवत बसले. मी आपली मागं पदराला हात पुसत उभी. ह्यांचा चेहरा बघून मला हसू येईना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी परत पाठवली नाही. चालवत राहिले. पण कसे? बाकीच्या गाड्या सूं सूं करून पुढं जातायत, एक चक्कर मारून परत मागून येऊन पुन्हा पुढं जातायत, आणि हे आपले डाव्या कडेनं दुसऱ्या गेअरमध्ये.

“अहो, शर्यत आहे ना ती? का वरात?” मी चिडवलं.

त्यांनी गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला, गेअर काढला, सगळं रीतसर. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “जयमाला, मी तिसऱ्याच्या पुढं कधी गेलोच न्हाई.”

“खेळात?”

“खऱ्यात.”

मला आधी कळेचना. मग त्यांनी सगळं सांगितलं. लायसन होतं, ते मैदानात आठचा आकडा काढून मिळालेलं. यार्डात वीसच्या पुढं गाडी न्यायला बंदी. कामाला जायला कंपनीची बस, गावात फिरायला स्कूटर. मोठ्या रस्त्यावर चारचाकी घेऊन जायची वेळच आली नव्हती कधी. “आधी गाडी न्हवती. मग लोकं ड्रायव्हर म्हणाय लागली. आता कुणाला जाऊन सांगू, का बाबा मला हायवेचं भ्या वाटतं? ट्रक शेजारनं गेला तरी मी स्कूटर कडेला घेतो गं.”

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. “म्हणजे एवढी वर्षं मला जेजुरीला एसटीत लोंबकळत नेलंत ते ह्याच्यासाठी? आणि वर मीच म्हणायचे, बिचारे दमतात!”

“व्हय,” ते म्हणाले. त्या ‘व्हय’पुढं माझा राग टिकला नाही. एवढ्या गाड्या, केरळातल्या, काश्मिरातल्या, आणि हा माणूस कुठं गेलाच नव्हता. पटांगणाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, बस्स.

“आणि पूनम?” मी विचारलं.

“तिला न्हाई म्हणवत न्हाई. आन घाटातनं पोटुशी लेक आनायची छाती बी न्हाई.”

“मग शिका,” मी म्हटलं. “सातवा लागायला अजून वेळ आहे. हात तिथंच आहेत की तुमच्या खांद्याला.”

तसे ते शिकायला लागले. सुरुवातीला स्टिअरिंग असं आवळून धरायचे की बोटं पांढरी पडायची. वळण आलं की ते जड व्हायचं आणि हे त्याच्याशी कुस्ती धरायचे. संध्याकाळी दंड भरून यायचे, मी तेल कोमट करून चोळून द्यायचे. धनेश म्हणाला, मोटरचा जोर कमी करून देतो. हे नको म्हणाले. खरा रस्ता काय माझ्यासाठी जोर कमी करणार हाय का, म्हणाले.

आणि मग हळूहळू काहीतरी व्हायला लागलं. ते चहा पिताना मला सांगायचे, वळणावर स्टिअरिंग जड असतं तोवर चांगलं. जड असताना एकदम हलकं झालं, हातात काही नाहीच असं वाटलं, की समजायचं, चाकांनी रस्ता सोडला. तेव्हा घाबरून आवळायचं नाही. अॅक्सिलरेटर जरासा कमी करायचा, हात सैल ठेवायचे, मग ते आपलं आपण सरळ व्हायला बघतं. हे सांगताना त्यांचे हात हवेत वळायचे. पाव बशीतच विरघळून जायचा.

आता ते चौथ्यात जायचे. पाचव्यातही. संध्याकाळ व्हायला लागली की खोलीत तो निळा उजेड अजून दाट व्हायचा, आणि मला भाजी चिरता चिरता वाटायचं, आमचं घरच कुठंतरी चाललंय. “आज तळ्यावर धुकं होतं,” ते जेवताना सांगायचे. “पलीकडचं काही दिसतच न्हवतं. नुसतं हातानं चालवलं.”

सासूबाई तर त्यांच्या शेजारी चटई टाकून बसायला लागल्या. हातात पिशवी घेऊन बसायच्या हो! पिशवीत तंबाखूची मिसरी, चष्मा, एक फडकं. डोळे अर्धे मिटलेले.

“कुठवर आलो रं?”

“तळ्यापशी, आई.”

“मंग उतरीव मला वाईच. पाय आकडलं.”

आणि हे खरंच गाडी कडेला घेऊन थांबवायचे. त्या चटईवर पाय लांब करायच्या. टीव्हीत झाडं हलत राहायची. मग “चल आता” म्हणाल्या की पुन्हा निघायचे. मायलेकांचा हा प्रवास मी उंबऱ्यात उभी राहून बघायचे, आणि कधी नाही ते हसताना माझ्या डोळ्यांत पाणी यायचं.

एकदा हे कामावर आणि सासूबाई देवळात गेलेल्या असताना मीही बसले त्या सीटवर. कुणाला सांगू नका. गाडी चालू केली, दहा पावलांत कडेला गेले. आणि हाताला खडी लागली. खरं सांगते, लागली. बारीक बारीक, कुरकुर अशी, तळव्यातून कोपरापर्यंत. मी घरात होते, बाहेर भंगारवाला ओरडत होता, आणि माझ्या हाताला कुठल्यातरी दूरदेशीची खडी लागत होती. मी तशीच बसून राहिले. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते मोजलं नाही, डाळीचा पार लगदा झाला.

खेळ तो खेळच, हे ह्यांनाही कळत होतं. म्हणून धनेश दर रविवारी सकाळी आपली गाडी घेऊन यायचा आणि ह्यांच्या शेजारी बसायचा. पहिल्यांदा स्पाइन रोडला, मग मोशीकडं, मग आळंदीच्या रस्त्याला. पहिल्या दिवशी घरी आले तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला, पण तोंडभर हसत होते. “खऱ्यात बी ओढतो गं रस्ता!” म्हणाले. जसं काय लाडक्या माणसाची ओळख पटली. त्यांची भीती गेली, असं मात्र मी म्हणणार नाही. तळवड्याला कंटेनरच्या रांगेत सापडले की अजून घाम फुटायचा. पण घाम पुसून पुढं जायचे, एवढं झालं.

मार्गशीर्षात पूनमला न्यायचा दिवस ठरला. धनेशनं गाडी दिली आणि म्हणाला, “दादा, घाट हाय. मी येतो बरोबर.”

“नको,” हे म्हणाले. “तू आलास तर मुराळी तू. तिनं मला बोलावलंय.”

आम्ही दोघंच निघालो, उजाडता उजाडता. हिंजवडी मागं टाकली, घोटावड्यावरून पौडला लागलो. मी बोलत नव्हते. मी गप्प बसते म्हणजे काय प्रसंग असेल बघा! मुळशीच्या पुढं धरणाचं पाणी लागलं आणि त्यावर धुकं बसलेलं. पलीकडचा डोंगर अर्धा होता, अर्धा नव्हता. मला क्षणभर कळेना, मी खऱ्या गाडीत आहे का आमच्या पुढच्या खोलीत पडदा ओढून बसलेय. मी ह्यांच्याकडं बघितलं. त्यांचे हात स्टिअरिंगवर सैल होते आणि ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असतील. मी विचारलं नाही.

घाट उतरलो. सावकाश उतरलो, मागून येणाऱ्या सगळ्यांना वाट दिली, पण उतरलो. माणगावला ओटी भरली, तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं जेवलो. व्याह्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली, “काय ड्रायव्हरसाहेब, तुम्हाला घाट म्हणजे पोरखेळ!” हे नुसते हसले. पूनम बापाकडं अशा कौतुकानं बघत होती की मला तिच्याकडं बघवेना. कारण आता परतीला चढ होता, आणि गाडीत ती असणार होती.

पूनम माझ्याजवळ मागं बसली. घाटाच्या मध्यावर एका वळणावर समोरून एसटी आली, आपली बाजू सोडून. ह्यांनी ब्रेक मारला. गाडी बंद पडली. आणि चढावर हळूच मागं सरकायला लागली. हातभरच सरकली असेल, ह्यांनी हँडब्रेक ओढला, पण मागच्या गाड्यांनी भोंग्यांचा कालवा केला. ह्यांनी पुन्हा चालू केली. पुन्हा बंद. तिसऱ्यांदा कशीबशी निघाली. पुढं दरीच्या बाजूला गाड्या थांबायला मोकळी जागा होती, तिथं त्यांनी घेतली आणि खाली उतरले. कठड्यापाशी आमच्याकडं पाठ करून उभे राहिले.

“काय झालं पप्पांना?” पूनम घाबरली. ती उतरली, तिच्या मागं मी.

हे वळले. तोंडावरचा रंग उडालेला. मी मनात म्हटलं, सांगू नका आता, निभावून न्या. पण त्यांनी सांगितलं.

“पूनम, मी असा रस्ता आज सकाळी पहिल्यांदा चालवला. यार्डाच्या भाईर मी कधी गाडी काढलीच न्हवती. तुला न्हानपणापास्नं वाटतं तसा मी ड्रायव्हर न्हाई. दोन म्हयने शिकलो, तुझ्यासाठी. पण मला भ्या वाटतंय. ह्या चढाचं न्हाई, तू गाडीत हायस त्याचं. तू म्हण, मी रविराजला बोलावतो. त्यो येऊन नेईल.”

पूनमनं कठड्याला हात टेकला. खाली दरीत ऊन तिरपं झालं होतं, कुठंतरी गुरांच्या घंटा वाजत होत्या. मी तोंड उघडणार होते, काहीतरी सारवासारव करणार होते, एवढ्यात तिचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा वाकडा झाला.

“पप्पा, मलापण भीती वाटते,” ती म्हणाली. “खूप वाटते. डोळा लागत नाही. मला वाटतं मी मरेन. कुणाला सांगितलं की म्हणतात, त्यात काय, सगळ्याच बायकांना होतं. मम्मीलासुद्धा मी सांगितलं नाही, ती ओरडेल. म्हणून म्हटलं पप्पांनी यायचं. तुम्ही कशाला घाबरत नाही म्हणून.”

माझ्या काळजात कुणी सुरी घातली असती तरी एवढं लागलं नसतं. माझी लेक, आणि मला सांगायला भ्याली!

ह्यांनी तिला जवळ घेतलं नाही, समजावलं नाही, काही शहाणपणाचं बोलले नाहीत. नुसता आपला उजवा हात पुढं केला, तळवा वर करून. “बघ,” म्हणाले. तळवा घामानं चिंब होता. तिनं त्यावर आपला ठेवला. तिचाही तसाच. दोघं तसेच उभे राहिले, आणि मग मीही माझा हात त्यांवर ठेवला आणि भडाभडा रडले. जाणाऱ्या गाडीतली माणसं मान वळवून बघत होती. बघू देत.

मग पूनमनं पदरानं नाक पुसलं. “मी पुढं बसते,” म्हणाली.

“अगं, रविराज...”

“त्यांना कशाला त्रास? चला. हळू चला, मला कुठं घाई आहे?”

ती पुढं बसली, पट्टा पोटाखालून नीट घेतला. मी मागं. उरलेला घाट आम्ही कसे चढलो ते मला धड आठवत नाही. ऊन पिवळं होत गेलं, पाणी आलं, पाण्याबरोबर रस्ता वळत गेला. पुढं बाप-लेक बोलत होते. ती आपल्या भीतीचं सांगत होती, अगदी बारीकसारीक, आणि हे “व्हय” म्हणत होते. मग हे आपल्या भीतीचं सांगत होते आणि ती “हो?” म्हणत होती. मधेच दोघं हसायचे. मी डोळे मिटून ऐकत होते. गाडी जराशी डावीकडं ओढायची, मग सरळ व्हायची. मला वाटत होतं हा रस्ता असाच जात राहावा, चिखली येऊच नये.

पण आली. दिवेलागणीला आम्ही दारात पोचलो. सासूबाई उंबऱ्यात उभ्याच होत्या, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. पूनमला पायरीखाली थांबवली, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून बाजूला टाकला, तिच्या पायांवर पाणी घातलं, ओला हात तिच्या डोळ्यांना लावला. “ये माजी बाय,” म्हणाल्या.

हे मागून तिची बॅग घेऊन आत जायला निघाले.

“रोहिदास, हुबा ऱ्हा तितंच,” सासूबाई ओरडल्या आणि आतून दुसरा तुकडा घेऊन आल्या.

“मला कशाला आई? मी तर रोज येतो.”

“रोज तू कामावनं येतुस,” त्या म्हणाल्या. “आज लांबनं आलाईस.”

ह्यांनी बॅग खाली ठेवली. पायरीखाली डोळे मिटून उभे राहिले, आणि म्हातारीनं टाचा उंचावून त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळला.